सातबाऱ्यावरचा कंस

प्रिय आई-बाबांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर बाबांनी कपाटातून सातबाऱ्याचा उतारा काढला, वारसांची नोंद झाल्यावर कंसात टाकलेल्या आजोबांच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाले, "फेरफार झाला की माणूस असा कंसात जातो. उद्या मीही जाईन. मग या वाडीचे काय?" मी हसून विषय बदलला. पुण्याला परतताना मात्र माझीच मला लाज वाटली, कारण तो प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

बाबा, बायबलमधल्या उपदेशकालाही हीच खंत होती. उन्हात राबून जे मिळवले ते मागून येणाऱ्याच्या हाती सोडून जायचे, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख हे कोणाला ठाऊक, असे तो त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो. विहिरीचे पाणी मचूळ होत गेले तरी तुम्ही राजेळी केळीची बाग सोडली नाहीत, दलाल दारात येऊन बसले तरी विकली नाहीत. अशा माणसाला "जमीन म्हणजे शेवटी माती" असे ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांतल्या बहुतेकांनी आपली माती केव्हाच चांगल्या भावाने विकलेली असते.

बायबलमधल्या अब्राहामाला देवाने सबंध देश देऊ केला होता, पण त्याची पत्नी सारा वारली तेव्हा तिला पुरायला त्याच्याजवळ हातभर जमीन नव्हती. जमिनीचा मालक एफ्रोन हित्ती फुकट द्यायला तयार असतानाही त्याने मकपेलाचे शेत आणि त्यातली गुहा वेशीवरच्या सर्व लोकांदेखत 400 शेकेल चांदी तोलून देऊन विकत घेतली. ज्याचा भरवसा देवावर होता, त्यानेही व्यवहार असा चोख केला. पुढे त्याच गुहेत त्याला इसहाक आणि इश्माएल या त्याच्या दोघा मुलांनी मिळून मूठमाती दिली. ज्या दोन भावांची ताटातूट घरातल्या वारशावरूनच झाली होती, ते त्या दिवशी एकत्र उभे होते, हे मला त्या चांदीपेक्षा मोठे वाटते.

आपल्या वसईच्या किल्ल्यात बिनछपराच्या चर्चमध्ये पोर्तुगीज सरदारांच्या कबरींचे दगड आहेत. त्यांवर पदव्या कोरल्या आहेत, पण 1739 मध्ये किल्ला मराठ्यांकडे गेला आणि आज आपल्यापैकी कोणाला त्या वाचताही येत नाहीत. त्याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जम बसलेला व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघातला धर्मबंधू झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. त्याच्या मागे ना वाडी राहिली ना वारस, तरी त्याचे नाव आपण अजून आपल्या पोरांना ठेवतो.

तरीही नाव मागे राहणे म्हणजे शाश्वत जीवन नव्हे, आणि नुसता आत्मा अमर असणे हेही नव्हे. विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धा जाहीर करण्याच्या प्रार्थनेत, आपण दर रविवारी "शरीराचे पुनरुत्थान" म्हणतो, आणि सवयीने पुढे सरकतो. पुनरुत्थित प्रभू येशूने शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. मरणावर जय मिळवलेल्या देहावरूनही त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. म्हणून मला वाटते की तुमच्या भेगाळलेल्या हातांचेही तिथे काही मोल असेल. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला पुनरुत्थानावरचा पंधरावा अध्याय संपतो तो नेमका याच आश्वासनावर, की प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ जात नाहीत. वाडी राहील असे तो कुठेच म्हणत नाही. श्रम व्यर्थ जात नाहीत, एवढेच म्हणतो, आणि तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ याहून खरे उत्तर नाही.

आता व्यवहाराचे. "माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा" म्हणत एक माणूस येशूकडे आला होता, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. प्रभूने वाटणी करायचे नाकारले आणि लोभाविषयी सावध केले. दादाने किंवा मी उद्या त्या माणसासारखे फादरांच्या दारात उभे राहू नये, असे मला वाटते. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आपल्या घरात पत्नीला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी यांना सारखे. मी हिस्सा मागत नाही, आणि मोठेपणा म्हणून आजच सोडूनही देत नाही. तुम्ही ठरवाल ते दोन साक्षीदारांसमोर लिहा, पण त्याआधी आम्हा दोघांना समोर बसवून तोंडाने सांगा.

दादा नाताळला कुवेतहून येणार आहे. 26 तारखेची दुपार त्यासाठी ठेवू या. आणि आई, पस्तीस वर्षे त्या वाडीतली फुले पहाटे वेचून तू बाजाराला पाठवलीस, पण तिचे पुढे काय व्हावे हे तुला आजवर आमच्यापैकी कोणीही विचारलेले नाही. त्या दुपारी बाबांच्या आधी तू बोल.

तुमची लेक