काकू, तुम्ही ती ट्रान्सक्रिप्ट नीट वाचलीत म्हणून

प्रिय काकू,

शि. सा. नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "ते राहू दे गं, पोरगी जेवली का?" म्हणून लिहूनच काढतेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण दरवर्षी आपल्याकडची किती कुटुंबं ट्रान्सफर होऊन डिसेंबर-जानेवारीत इकडे अमेरिकेत येतात, आठवी-नववीतली पोरं चालू वर्षात मध्येच शाळेत घातली जातात, आणि पहिला रिपोर्ट हातात आला की आईबापांच्या पोटात गोळा येतो. त्यांना तुमच्यासारखं कोणी भेटेलच असं नाही, तर निदान तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते तरी वाचायला मिळावं.

आम्ही जानेवारीत कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आलो तेव्हा लेक सांगलीत मराठी माध्यमात नववीला होती आणि वर्गात पहिल्या पाचात असायची. इथे थेट दुसऱ्या सेमिस्टरला बसली. आल्याआल्या इंग्रजीची ईएलपॅक टेस्ट, मग ईएलडीचा, म्हणजे इंग्रजी शिकवायचा, जादा क्लास, प्रत्येक तासाला वेगळा वर्ग, वेगळी मुलं. गणित तिला येत होतं हो, वहीत सोडवलेलं असायचं सगळं. पण इथे होमवर्क कॅनव्हास नावाच्या शाळेच्या वेबसाइटवर अपलोड करायचा असतो, नाही केला तर तिथे शून्य पडतो आणि तो शून्य ग्रेडमध्ये धरला जातो, हे तिला कुणी सांगितलंच नाही, आणि आम्हाला तर पालकांचं वेगळं लॉगिन असतं हेही माहीत नव्हतं. जूनमध्ये निकाल आला. इंग्लिश डी, बायॉलॉजी डी, अल्जेब्रा डी. ए सगळ्यात वरचा, डी म्हणजे जेमतेम पास. तिने तो कागद माझ्या हातात दिला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पहिल्या पाचात असणारी पोरगी.

आपल्याकडे काय असतं, नववी कशीही जावो, दहावीच्या बोर्डाला सगळ्यांची पाटी कोरी. अकरावीच्या ॲडमिशनला दहावीचे मार्क, पुढे इंजिनिअरिंगला सीईटी, नववीचं प्रगतिपुस्तक परत कोणी बघत नाही. मी ह्यांना तेच म्हणत होते की जाऊ दे, पुढच्या वर्षी भरून काढेल. मग शाळेत मीटिंग झाली आणि तिथे सांगितलं की नववी ते बारावीचं प्रत्येक सेमिस्टर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या कागदावर, कायम राहतं, आणि चांगल्या युनिव्हर्सिट्यांचा विचार आता डोक्यातून काढलेला बरा. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, त्यांच्याकडे आमच्यासाठी तेवढीच मिनिटं होती, माझा राग नाही त्यांच्यावर. पण घरी येताना गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही.

तुमची ओळख मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात झाली, जेवणाच्या रांगेत. मी सहज म्हटलं मुलीचं शाळेत जरा अवघड चाललंय, तर तुम्ही "अवघड म्हणजे नेमकं काय, रविवारी ट्रान्सक्रिप्ट घेऊन या" म्हणालात. इतक्या लोकांना मी तोवर सांगितलं होतं काकू, सगळ्यांनी धीर दिला, होईल सगळं नीट म्हणाले, पण कागद बघायला मागणाऱ्या तुम्ही पहिल्या.

त्या रविवारी तुम्ही चष्मा लावून प्रत्येक ओळीवर पेन्सिल ठेवत गेलात. आणि मग जे सांगितलंत ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय ते जसंच्या तसं इथे देते, कारण ते कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे आपण यूसी म्हणतो ती, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड धरते. नववीचे ग्रेड फॉर्ममध्ये लिहावे लागतात, वाचणाऱ्याला दिसतात, पण त्या आकड्यात येत नाहीत. फक्त एक आहे, ए टू जी म्हणून पंधरा कोर्सेसची जी अट असते त्यात डी चालत नाही, सी किंवा वर लागतो. म्हणजे इंग्लिशचं ते सेमिस्टर समर स्कूलमध्ये परत करायचं. अल्जेब्राचं परत करायची गरजच नाही, पुढे अल्जेब्रा टू मध्ये सी किंवा वर मिळाला की मागचा डी आपोआप भरून निघतो. बायॉलॉजीचं बघू म्हणालात.

आणि मग तुम्ही विचारलंत, सातवी-आठवी कुठे केली? मी जरा दबकतच म्हटलं की मराठी माध्यमात हो, सांगलीला. तर तुम्ही हसलात! म्हणालात की दुसऱ्या भाषेची दोन वर्षांची जी अट आहे ती मराठी माध्यमात झालेल्या त्या वर्षांवर भागू शकते, तिकडच्या शाळेचे दाखले मागवून ठेवा, आणि स्पॅनिशचा तो तास मोकळा झाला तर तिथे सायन्स घ्या. मराठी शाळेत घातलं म्हणून पोरीचं नुकसान केलं असं मला किती जणांनी तोंडावर ऐकवलं होतं! त्या दिवशी मला सिंकपाशी जाऊन तोंड धुवावं लागलं, तुम्ही बघितलंत पण काही बोलला नाहीत.

बायॉलॉजीसाठी तुम्ही तिला ओलोनी ह्या इथल्या कम्युनिटी कॉलेजला पाठवलंत. मला कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठे ॲडमिशन मिळत नाही त्यांची जागा वाटायची, चार लोकांकडून तेच ऐकलेलं. हायस्कूलची मुलं तिथे कोर्स करू शकतात, त्यांना साधारणपणे ट्यूशन फी पडत नाही, आणि यूसीला चालणारा तिथला एक सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या अख्ख्या वर्षाच्या बरोबरीने धरतात, हे तुमच्याकडून कळलं. तिथे ती बायॉलॉजी शिकली आणि ए मिळवला. ज्या विषयात डी होता त्याच विषयात, मोठ्या मुलांबरोबर बसून. तिची मान परत वर झाली ती तिथे काकू, कुठलं ॲडमिशन मिळायच्या कितीतरी आधी.

तुम्ही खोटी आशा कधी लावली नाहीत, ह्याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचेत. बरीचशी खाजगी युनिव्हर्सिटी चारही वर्षं बघतात, तिथे नववी आड येऊ शकते, दोन-तीन ठिकाणी अर्ज कर पण त्यांच्यावर जीव टांगून ठेवू नकोस, असं तुम्ही तिला स्पष्ट सांगितलंत. बर्कली आणि यूसीएलए अवघड आहेत हेही. दहावीत बी होते, एखाददुसरा सी होता, आणि दहावी तर मोजतात. पण यूसी अर्ज वाचताना जे तेरा निकष लावते त्यातला एक अलीकडच्या काळात झालेली ठळक सुधारणा हाच आहे, तेही दाखवलंत, आणि म्हणालात आता अकरावीला सोपे विषय घेऊन ए गोळा करू नकोस, अवघड घे आणि टिक. तिने एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीचं, बायॉलॉजी घेतलं, केमिस्ट्री ऑनर्स घेतलं. रात्री एक-एक वाजेपर्यंत दिवा चालू असायचा. अकरावीला जवळजवळ सगळे ए.

आणि शेवटचा दरवाजाही आधीच उघडा करून ठेवलात. कुठेच नाही झालं तर ओलोनीला दोन वर्षं आणि मग तिथून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. यूसीच्या सहा कॅम्पसना, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, टॅग म्हणून हमी मिळते, त्यांनी ठरवलेले कोर्सेस आणि जीपीए पूर्ण केला की जागा पक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला टॅग नाही पण ट्रान्सफरचा अर्ज तिथेही करता येतो. आम्ही एच-वन आणि एच-फोर व्हिसावर, म्हणजे फाफ्साचे, सरकारी मदतीचे, पैसे आम्हाला नाहीतच, त्यामुळे ओलोनीची युनिटला, म्हणजे कोर्स मोजायच्या मापाला, ४६ डॉलरवाली दोन वर्षं ही ह्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. हे ऐकल्यापासून ह्यांना झोप लागायला लागली.

आता निबंधांचं. यूसीला आठातले चार प्रश्न निवडायचे, प्रत्येकी साडेतीनशे शब्द. सॅट ही प्रवेशाची परीक्षा बघतच नाहीत, सहसा शिक्षकांची पत्रंही मागवत नाहीत, त्यामुळे मूल कोण आहे हे कळायची जागा तेवढीच. तिचा पहिला ड्राफ्ट तुम्ही वाचलात. नवा देश, नवी भाषा, कष्ट, जिद्द, सगळं होतं त्यात. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "सुट्टीत तू काय करायचीस गं, तिकडे?"

सुट्टीत ती आबांकडे असायची, माझ्या सासऱ्यांकडे, तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत. आणि मग ती जी सुरू झाली! ऑक्टोबर छाटणी झाली आणि नेमका पाऊस लागला की आबा दावणीच्या, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाच्या, धास्तीने रात्रीतून उठून ट्रॅक्टर काढायचे, थंडीत भुरी हा दुसरा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून गंधक, घडांची विरळणी बायका कशा करतात, जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, पाण्यात घड बुडवताना हात कसे थंड पडतात, बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांवर माल पसरण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात का बुडवतात. मी तिची आई, पण ह्यातलं निम्मं तिला माहितेय हे मला माहीत नव्हतं. तुम्ही फक्त ऐकत होतात आणि मधूनच "का?" विचारत होतात. ते बुडवणं सालीवरच्या मेणाचा थर मोडायला असतं, म्हणजे पाणी लवकर उडतं, हे तिने तुम्हाला केमिस्ट्रीतून समजावून सांगितलं.

मग तुम्हीच तिला सांगितलंत की थॉमसन सीडलेस हे नाव इथल्याच विल्यम थॉमसनवरून पडलंय, १८७० च्या दशकात युबा सिटीजवळ त्याने हे वाण वाढवलं. आणि आबांच्या बागेतलं तास-ए-गणेश हे त्याच थॉमसनमधून तासगावकडच्या शेतकऱ्याने निवडून काढलेलं वाण. तिचे डोळे असे मोठे झाले. त्याच सप्टेंबरात आम्ही फ्रेस्नोकडे गेलो तर तिथे ओळींच्या मधोमध जमिनीवर कागद अंथरून त्यावर द्राक्षं वाळत घातलेली, वर शेड नाही काही नाही. तिने खाली बसून एक घड उचलून बघितला आणि मालकाला इतके प्रश्न विचारले की तो सावलीत खुर्ची घेऊन आला. तो निबंध तिने एका बैठकीत लिहिला, इंग्रजी साधंच आहे त्यात, पण वाचून मला माझ्या सासरचं अंगण दिसलं.

नववीबद्दल मात्र तुम्ही तिला ॲडिशनल कमेंट्सच्या जागेत मोजक्या ओळी लिहायला सांगितल्या. कधी आलो, कुठल्या माध्यमातून आलो, कुठल्या विषयांत काय झालं आणि प्रत्येकाचं पुढे काय केलं. कोणाला दोष नाही, दया मागणं नाही. साडेपाचशे शब्दांची जागा असते, तिने त्यातली थोडीच वापरली आणि तुम्ही म्हणालात पुरे.

मार्चमध्ये निकाल आले. काही ठिकाणहून नकार आले, तुम्ही सांगून ठेवलं होतं त्यामुळे तिने ते पोर्टल बंद केलं आणि जेवायला आली. डेव्हिसचं आलं तेव्हा ती किंचाळली, मी हातातलं लाटणं टाकून धावले. डेव्हिस! द्राक्षं आणि वाइनचा स्वतंत्र विभाग असलेली जागा, जिथे वेलींवरच्या रोगांवर आयुष्यभर काम करणारी माणसं आहेत. सांगलीला व्हिडिओ कॉल लावला, आबांना ॲडमिशन वगैरे फारसं कळलं नाही, त्यांनी एवढंच विचारलं की तिथे दावणीवर काही औषध शिकवतात का. ती म्हणाली, शिकून सांगते.

काकू, तुमची स्वतःची मुलं कधीच मोठी झाली, नातवंडं दुसऱ्या राज्यात. तुम्हाला ह्यातलं काही करायची गरज नव्हती. बाहेर ह्याच कामाचे लोक हजारो डॉलर घेतात, तुम्ही कधी शंभर रुपयाची साडी घेतली नाहीत माझ्याकडून, उलट दर वेळी जाताना चकल्या बांधून दिल्यात. माझ्या आईला मी तुमच्याबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, त्या माउलीला माझा नमस्कार सांग. तो ह्या पत्रातून पोचवतेय.

ती सप्टेंबरच्या शेवटी जाईल, डेव्हिसला क्वार्टर उशिरा सुरू होतं. त्याआधी गणपतीला तुम्ही आणि काका आमच्याकडे दीड दिवस राहायलाच यायचं आहे, हे ह्यांनी ठरवूनच टाकलंय. आणि एक काम आहे, रागावू नका. पहिल्या क्वार्टरला केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस दोन्ही घ्यावं की एक पुढे ढकलावं ह्यावर तिचं आणि ह्यांचं एकमत होईना, यादी प्रिंट करून ठेवलीय. येताना चष्मा आणाल ना?

तुमची,
खालच्या मजल्यावरची सांगलीकर