स्पीकरच्या खोक्यावरचे वॉट खरे किती?

मा. संपादक,
स. न.

दसरा-दिवाळीची खरेदी जवळ आली की होम थिएटर आणि पार्टी स्पीकरच्या जाहिरातींतले वॉटचे आकडे फुगू लागतात. दुरुस्तीच्या कामामुळे अशी उपकरणे माझ्या टेबलावर रोज उघडी पडलेली असतात. खोक्यावर ठळक अक्षरांत '५००० वॉट पीएमपीओ' (क्षणभर मिळू शकणारी म्हणून सांगितली जाणारी कमाल शक्ती) असे छापलेल्या संचासोबतच्या अॅडॅप्टरवर बारीक अक्षरांत '१२ व्होल्ट, २ अँपिअर' लिहिलेले आढळते. या दोन आकड्यांचा गुणाकार २४ वॉट होतो आणि जो अॅडॅप्टर २४ वॉट पुरवतो, त्यावर चालणारा अॅम्प्लिफायर त्याहून अधिक शक्ती सलग देऊ शकत नाही, हे शालेय विज्ञान आहे. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नसल्याने तो आकडा कितीही छापला तरी खोटा ठरवणे अवघड जाते. सोय नेमकी तीच आहे.

'आरएमएस', म्हणजे सलग मिळणारी शक्ती, असे लिहिले म्हणजे सगळे खरे, असेही नव्हे. आवाजातील विकृती १० टक्के होऊ दिली, तर तोच अॅम्प्लिफायर १ टक्का विकृतीच्या तुलनेत साधारण चतुर्थांश अधिक वॉट दाखवतो. त्यामुळे किती ओहमच्या (विद्युत रोधाच्या) भाराला, कोणत्या वारंवारता-पट्ट्यात आणि किती विकृतीवर मोजले, हे सांगितल्याशिवाय आरएमएसचा आकडाही अर्धवटच राहतो. स्पीकर किती खालच्या ते किती वरच्या स्वरांपर्यंत वाजतो हे सांगणाऱ्या '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' या दाव्याचेही तेच, कारण त्यापुढे आवाजाच्या पातळीत किती डेसिबलचा चढउतार गृहीत धरला आहे, याचा उल्लेख बहुधा नसतो. मुळात वॉट दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. एका वॉटला एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, ही स्पीकरची संवेदनक्षमता ग्राहकाच्या अधिक कामाची आहे. घरगुती संचांच्या खोक्यावर ती शोधूनही सापडत नाही.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने १९७४ मध्येच घरगुती अॅम्प्लिफायरच्या शक्तीच्या दाव्यांसाठी नियम केला. मोजणीच्या अटी निवडण्याची मोकळीक त्यात उत्पादकांना उरली होती. २०२४ मध्ये सुधारणा करून ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी विकृती अशा समान अटी घालण्यात आल्या. आपल्याकडे फ्रिजवरील ताऱ्यांमागे ठरलेली चाचणी असते, तशी स्पीकरच्या वॉटमागेही हवी.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईचे अधिकार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहेत. त्यांनी पीएमपीओचा उल्लेख बंद करायला लावावा आणि वॉटच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत, मोजणीच्या अटी छापणे बंधनकारक व्हावे यासाठी पुढाकार घ्यावा. ऑनलाइन विक्रीलाही हे लागू असले पाहिजे, कारण तेथे ग्राहकाला अॅडॅप्टर उलटा करून पाहता येत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली