भात सोडू नका, नारळ मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वजन उतरवायचे ठरले की गोव्यात पहिली कुऱ्हाड पडते ती शीतकढीवर, म्हणजे भात आणि नारळाच्या कढीवर. भात बंद, नारळ बंद, सकाळी ओट्स, रात्री सूप असा बेत सोमवारी सुरू होतो आणि घरात हुमणाचा, म्हणजे नारळाच्या वाटपातल्या माशांच्या कढीचा, वास सुटला की दुसऱ्या आठवड्यात मोडतो. मोडल्यावर चार घास जास्तच जातात. जन्मभर जेवलेले ताट टाकून देण्याची काही गरज नाही. त्यातली मापे तेवढी बदलायला हवीत, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही.

विषय टाळण्याजोगा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले. ते देशात सर्वांत जास्त होते. देशाची सरासरी होती ११.४. आपल्याकडे हा रोग पोटाच्या घेरातून येतो, म्हणून काट्याआधी मोजपट्टी घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पट्टी न आवळता मोजावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला असेल, तर वजन बेताचे दिसत असले तरी जेवणाकडे लक्ष द्यायला हवे.

आता नारळ. खवलेल्या ओल्या नारळात वजनाच्या सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो आणि त्यातला बहुतेक संपृक्त. म्हणजे स्वयंपाकघराच्या हिशेबात नारळ भाजीत धरायचा नसतो, तेलात धरायचा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत २००० कॅलरींच्या जेवणाला दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चौघांच्या घरात हुमण, भाजी आणि सोलकढी मिळून रोज एक मोठा नारळ फुटत असेल आणि त्यातून २५० ग्रॅम खोबरे निघत असेल, तर माणशी २० ग्रॅमच्या वर चरबी तेलाची बाटली उघडण्याआधीच पोटात जाते. वर फोडणी, वर तळलेले नुस्ते, म्हणजे मासे. म्हणूनच ‘आम्ही तेलकट काही खात नाही’ म्हणणाऱ्या घरांतही वजन हलत नाही.

बसणारे माप असे: चौघांना दिवसाला अर्धा नारळ, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम खोबरे, आणि माणशी तीन लहान चमचे तेल. नारळातली चरबी १० ग्रॅम आणि तेल १४ मिळून माणशी २४ होतात, म्हणजे २७ च्या आत. महिन्याचा हिशेब करायचा तर चौघांच्या घराला १५ नारळ आणि दोन लिटरच्या आत तेल. तेलाच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहून ठेवावी. महिना भरायच्या आत दोन लिटर संपले, तर वजन का वाढते याचे उत्तर तिथेच मिळते.

नारळ कमी केला की हुमण पाण्यासारखे होते, ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुतेक वेळा वाटण्याचा असतो. जाडसर वाटप रसात मिळून येत नाही, मग दाटपणासाठी आणखी खोबरे पडते. अर्ध्या नारळाच्या वाटपात एक मोठा चमचा धणे, एक मध्यम कांदा आणि अर्धा तास भिजवलेले चमचाभर तांदूळ घालून, पाणी थोडे थोडे टाकत लोण्यासारखे वाटावे. आंबटाला सोले (आमसुले) किंवा आंबोशी (सुकवलेली कैरी), वासाला ठेचलेली तिरफळे. बांगड्याला आणि तारल्यांना (पेडव्यांसारखे लहान, स्वस्त मासे) एवढे पुरते. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यात मात्र तिसऱ्यांपेक्षा खोबरेच जास्त असते. ते रोजचे जेवण नव्हे, ते सणासारखे खावे. सोलकढीला तर सोपा पर्याय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. नारळाचा रस न घालता केलेली फुटी कढी चवीला काही कमी नाही, आणि तिच्यात कॅलरी जवळजवळ नाहीत.

भाताबद्दल एक समज घट्ट बसला आहे, की उकड्या तांदळाने वजन वाढत नाही. उकड्यात बी-१ जीवनसत्त्व जास्त टिकते, म्हणून तो पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरा. कॅलरी मात्र जवळपास तेवढ्याच, १०० ग्रॅम कोरड्या तांदळाला ३५०. शिजल्यावर तो सुमारे तिप्पट भरतो, आणि इथेच डोळा फसतो. ताटातला भात डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून तांदूळ कोरडा मोजून शिजवावा: वजन उतरवणाऱ्या स्त्रीला एका वेळी ५० ग्रॅम, पुरुषाला ६० ते ७०. टोपात उरलाच नाही तर दुसरी वाढणी होत नाही. ५० ग्रॅम तांदळाचा भात, १०० ग्रॅम मासा घालून वर सांगितलेले हुमण, १५० ग्रॅम तांबडी भाजी किंवा दोडकी, वाटीभर कच्ची काकडी, असे जेवण सुमारे ५०० कॅलरींत बसते आणि पोट भरते. आधी भाजी आणि मासा, भात शेवटी. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते.

मासळी हा आपल्या ताटातला सर्वांत मोठा आधार. १०० ग्रॅम बांगड्यात किंवा तारल्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय ओमेगा-३. इसवण (सुरमई) नाही परवडली म्हणून हळहळू नये. या कामाला तारली तिच्यापेक्षा सरस आहेत. रव्यात घोळवून तेलात सोडले की मात्र रवा तेल पितो. मसाला लावलेला तुकडा रव्याशिवाय, चमचाभर तेल पसरलेल्या तव्यावर झाकण ठेवून भाजावा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या मासळीवर भर येतो. ती गरम पाण्यात १५-२० मिनिटे भिजवून पाणी फेकावे आणि पदार्थात वेगळे मीठ घालू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी ती रोज खाऊच नये. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो शिवराकाच्या, म्हणजे मासे-मांस न खाण्याच्या, दिवशी. सोमवार, गुरुवार, सगळा श्रावण. ताटातून मासा जातो आणि त्या जागी बटाटा, पापड आणि आणखी भात येतो. खतखत्यातले (अनेक भाज्या एकत्र शिजवलेल्या पदार्थातले) सुरण, कणंगां, रताळी ही पिष्टाची कंदमुळे. त्यांच्यासोबत भात निम्माच घ्यायला हवा. त्या दिवशी माणशी ३० ग्रॅम कोरडे मूग किंवा अळसांदे (चवळी) रात्री भिजत घालावेत. त्यातून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर दही आणि खाणाऱ्यांना एक अंडे यांची जोड दिली, की संध्याकाळी पाचला भजी आठवत नाहीत.

न्याहारीची पोई, म्हणजे गोव्याचा गोल पाव, भुश्याची (गव्हाच्या कोंड्याची) आहे की नाही हे तोडून पाहावे. आत पांढरीशुभ्र असेल तर भुसा फक्त वरून भुरभुरवलेला आहे आणि आत मैदा आहे. पाव-पोईत १०० ग्रॅमला सुमारे २६० कॅलरी असतात, तेव्हा एक पोई आणि वाटाण्याची किंवा अळसांद्यांची पातळ भाजी पुरे. सोबतची मिरचीभजी सोडावी. अकराची पेज वाईट नाही. ३५ ग्रॅम उकड्या तांदळाची वाटीभर पेज म्हणजे १२०-१२५ कॅलरी. पण आठला पोई-भाजी, अकराला पेज आणि एकला भात ही तिन्ही जेवणे शेतात राबणाऱ्यासाठी होती. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याने पोई किंवा पेज यांपैकी एकच निवडावे.

पेयांचा हिशेब कोणी धरत नाही. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर. मर्यादा आहे २५. फेणीच्या ६० मिलिलिटरच्या पेगात सुमारे १४० कॅलरी, बिअरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेच्या वर, आणि त्यात गोड सोडा व तळलेले काजू धरलेले नाहीत.

एक सूचना कळकळीने करतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात निम्मा करू नये. औषध तेवढेच राहिले आणि भात घटला, तर साखर धोकादायक खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिनेही विचारूनच वाढवावीत.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचानंतर, त्याच काट्यावर करावे. पहिल्या आठवड्यात उतरते त्यात पाणी बरेच असते. पुढे आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरत असेल तर चालले आहे ते बरोबर आहे. पावसात फिरणे बंद पडते, तेव्हा जेवणानंतर दहा मिनिटे बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) येरझाऱ्या घालाव्यात.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. पाककृती छापताना ‘चवीपुरता नारळ’, ‘अंदाजे तेल’ असे न लिहिता किती माणसांसाठी किती ग्रॅम खोबरे आणि किती चमचे तेल हे छापावे. आणि खानावळवाल्यांना विनंती, की थाळीत अर्धा भात आणि दुप्पट भाजी असा पर्याय फलकावर लिहून ठेवावा. गिऱ्हाइकाला तो मागून घ्यायला संकोच वाटतो.

आपला,
एक आहारतज्ज्ञ, फोंडा