घर माझे, मग गिऱ्हाईक तुम्ही का ठरवता? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मला एक पत्र मिळाले. वडोदऱ्याच्या जुन्या शहरातले आमचे वडिलोपार्जित घर विकायला अशांत धाऱ्याखाली (दंगलींमुळे 'अशांत' ठरवलेल्या भागात घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते, तो कायदा) जो अर्ज केला होता, तो नामंजूर झाला आहे. कारण दिले आहे ते एका वाक्यात: शेजारच्या रहिवाशांची हरकत आणि परिसराची परिस्थिती. कागदपत्रांत काही खोट नाही, दिवाळीआधी निकाल लागेल, असा शब्द टेबलावरच्या साहेबांनी मला दिला होता. त्या भरवशावर, परवानगीच्या अटीवर, मी बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, केला. बयाणा घेतला आणि तो मांजलपूरला तळमजल्याचा फ्लॅट बुक करण्यात घातला. आता घेणारा आपला बयाणा परत मागतो आहे, त्यात त्याचे काही चुकत नाही. बिल्डर म्हणतो, बुकिंगचे पैसे सुटणार नाहीत. मधल्या मध्ये मी अडकलो आहे.

आपल्याला आमचे घर माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सांगतो. तीन मजली, लाकडी, सयाजीराव महाराजांच्या काळातले. आजोबा गायकवाडी नोकरीसाठी साताऱ्याकडून इथे आले आणि इथलेच झाले. जिना इतका उभा आहे की धरायला वरून दोर सोडलेला आहे. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे गेलेत. ती सकाळी एकदा दोर धरून खाली येते ती रात्रीच वर जाते, दुपारी पाठ टेकायची तर ओसरीवर चटई टाकून. मागची भिंत पावसाळ्यापासून लोखंडी जॅकवर उभी आहे. मुलगा पुण्यात, भाऊ नाशिकला. हे घर दुरुस्त करायची ना आमची ऐपत, ना वय. खालच्या दुकानाचे भाडे 1947 च्या भाडे कायद्याच्या कृपेने एवढे थोडे आहे की त्यात घरपट्टीही भागत नाही. भाडे वाढवायचे नाही, भाडेकरू काढायचा नाही आणि आता घरही विकायचे नाही, तर मालक म्हणून माझ्याकडे उरले काय?

घर घेणारे गृहस्थ पलीकडच्या रस्त्यावरचे बोहरा मुस्लिम व्यापारी आहेत. त्यांच्या वडिलांचे आणि माझ्या वडिलांचे जाणेयेणे होते. त्यांनी बासष्ट लाख देऊ केले, सगळे चेकने. माझा जवाब घेताना विचारले, खुशीने विकता का? हो म्हणालो. कोणाचा दबाव आहे का? नाही म्हणालो. एवढ्यावर चौकशी संपायला हवी होती. पण त्यानंतर साहेबांनी घेणाऱ्याचे नाव वाचले, फाईल डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि म्हणाले, पोलिसांचा अभिप्राय येऊ द्या.

मग हरकती आल्या. ज्यांनी हरकत घेतली त्यांना मी लहानपणापासून ओळखतो. मी त्यांच्या दारात जाऊन सांगितले, तुम्हीच घ्या, त्याच किमतीला घ्या, मला आनंद आहे. ते म्हणाले, 'काका, तीस देतो.' बासष्टचे घर तीसला! कारण त्यांना ठाऊक आहे की दुसऱ्या गिऱ्हाइकाला परवानगी मिळणार नाही.

मंत्रिमहोदय, इथे थोडे थांबून विचार करा. 1985 च्या दंगलींनंतर 1986 मध्ये पहिला कायदा आला आणि 1991 मध्ये सध्याचा. भीतीपोटी लोकांनी पाण्याच्या भावात घरे विकू नयेत, हा त्याचा सांगितलेला हेतू होता. त्या हेतूबद्दल माझे भांडण नाही, ते दिवस मी पाहिले आहेत. पण आज माझ्यावर पाण्याच्या भावात घर विकायची वेळ कोणी आणली? कोणा गुंडाने धमकी दिलेली नाही. तुमच्या कायद्याने माझी गिऱ्हाइके निम्मी केली आणि उरलेल्यांना भाव पाडायची सोय करून दिली. ज्या संकटातून मला वाचवायचे म्हणून परवानगी ठेवली, तेच संकट परवानगीने माझ्या दारात आणले.

दबावाखाली झालेला व्यवहार रद्द करता येतो, हे 1872 च्या करार कायद्यातच आहे. संमती खुशीची हवी; जबरदस्ती झाली तर ज्याच्यावर झाली त्याला करार मोडता येतो. धमकावणाऱ्याला पकडायला फौजदारी कायदा आहे. मग ज्याने धमकी दिली त्याला सोडून, जो विकतो त्यालाच रांगेत का उभे करता?

आणि उच्च न्यायालयाचे तरी ऐका. वडोदऱ्यातल्याच एका दुकानाच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की पाहायचे ते एवढेच: संमती खुशीची आहे का, किंमत रास्त आहे का. शेजाऱ्यांना काय वाटते हा प्रश्न त्यात येत नाही. पुढे 2023 मध्ये त्या व्यवहारात खोडा घालणाऱ्यांना प्रत्येकी 25,000 रुपये भरायला लावले. हे सगळे माझ्या वकिलांनी अर्जाला जोडले होते. नामंजुरीच्या पत्रात त्याचा साधा उल्लेख नाही. उलट 2019 ची दुरुस्ती करून तुम्ही लोकवस्तीचा समतोल बघायची भाषा कायद्यात आणली आणि शिक्षा तीन ते पाच वर्षांपर्यंत नेली. स्वतःचे घर विकण्यावरून तुरुंग? मी आयुष्यात सिग्नल तोडला नाही, साहेब.

आता किमतीचे बघू. 15 एप्रिल 2023 पासून तुम्ही जंत्री, म्हणजे जमीन-घरांचे सरकारी दर, एका फटक्यात दुप्पट केली. मुद्रांक शुल्क 4.9 टक्के त्या दुप्पट भावावर. म्हणजे कर घ्यायच्या वेळी माझ्या घराला बाजारभाव असतो आणि मी त्या भावाने विकायला गेलो की बाजार बंद. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा.

या शहरात 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाची विद्या घेऊन नोकरीवर रुजू व्हायला आले. त्यांना कोणी घर दिले नाही. लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले आणि ते कमाटी बागेत झाडाखाली बसून रडले. आम्ही वडोदरेकर ती जागा अभिमानाने दाखवतो. मला तिथे जाताना लाज वाटते. त्या वेळी दार बंद करणारे लोक होते. आज मी दार उघडून उभा आहे, घेणारा पैसे घेऊन उभा आहे आणि मध्ये सरकार आडवे आले आहे. कोणी कोणाशेजारी राहावे हे नकाशावर रेघा मारून ठरवणे हे सरकारचे काम कधीपासून झाले? राज्यघटनेचे कलम 19 नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क देते ना?

मालमत्तेचा हक्क मात्र 1978 मध्ये 44व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढून टाकला. पंतप्रधान होते मोरारजीभाई, आपल्याच गुजरातचे. आता उरले ते कलम 300अ, आणि त्यात कायदा केला की काहीही काढून घेता येते. आमच्या वडिलांच्या पिढीला वाटले, हे जमीनदारांचे भांडण आहे, आपले नाही. पण हक्क गेला तो सगळ्यांचा गेला. टाटा-बिर्लांना वकील परवडतात. माझ्यासारख्या पेन्शनरला तो हक्कच काय तो आधार होता.

बी. आर. शेणॉय अहमदाबादला गुजरात युनिव्हर्सिटीत शिकवत. 1955 मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्याने विरोधी टिपण लिहिणारा हा माणूस. ज्याचा पैसा, ज्याची गरज, त्याला ती सरकारपेक्षा जास्त कळते, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. शरद जोशींनी तेच शेतकऱ्यांना सांगितले. 1991 मध्ये कारखान्यांची लायसन्सं गेली, आपण सुटलो असे वाटले. कोण सुटले? शेतकरी नसलेल्याला गुजरातेत आजही शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे शेतकऱ्याची जमीनही ठरावीक लोकांनीच घ्यायची, त्यांच्याच भावाने. दारूबंदी सगळ्या राज्याला, पण गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या आर्थिक केंद्रासाठी डिसेंबर 2023 मध्ये तीही सैल झाली, कारण तिथे परदेशी कंपन्या यायला हव्यात. परक्या गुंतवणूकदारावर विश्वास ठेवता येतो आणि चार पिढ्या इथे कर भरणाऱ्या माणसावर नाही? कारखान्याला सात दिवसांत परवाना देऊ म्हणून भाषणे करता, माझी फाईल मात्र पोलिसांच्या अभिप्रायात वर्ष काढते.

तुम्ही कुठलेही सरकार असा, कुठल्याही पक्षाचे असा. 1986 मध्ये काँग्रेस होती, 1991 मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल होते, 2019 मध्ये तुम्ही. परवानगी देणारा हात कोणालाच मागे घ्यायचा नाही. कारण परवानगी आली की रांग येते, रांग आली की दलाल येतो. मला दोघा जणांनी 'होऊन जाईल' म्हणून आकडा सांगितला आहे. मी दिला नाही आणि देणार नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. विकणाऱ्याने न्यायाधीशासमोर खुशीचा जवाब दिला आणि किंमत जंत्रीच्या खाली नसली, तर परवानगीची अट काढून टाका. ते जमत नसेल तर तीस दिवसांची मुदत घाला. तेवढ्यात उत्तर नाही आले तर परवानगी मिळाली असे धरा. तेही जमत नसेल तर माझे घर तुम्ही घ्या, बासष्ट लाखांना, आणि त्यात तुम्हाला हवा तो समतोल राखा.

अपिलाचे कागद तयार होत आहेत. त्याआधी मला तुमच्याकडून लेखी उत्तर हवे आहे: कायद्याच्या कोणत्या कलमात शेजाऱ्याची हरकत हे नामंजुरीचे कारण दिले आहे? कलमाचा नंबर लिहा. बिल्डरने मला या महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे.

आपला,
जुन्या वडोदऱ्यातील एक घरमालक