दोन वाट्या खिचडी

प्रिय सुमे,

चार महिने ना पत्र, ना फोन. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझा गुडघा तसाच, आईची साखर बरी. झालं.

तुलाच लिहितेय, कारण दुसरं कुणी म्हणेल, 'एवढं काय त्यात?' सध्या शाळेत रिकॉल घेतेय. आज पोरं जेवताना व्हरांड्यात बसून टिपायचं आणि उद्या सकाळी त्यांनाच विचारायचं, काल काय खाल्लंस? अमेरिकेत सुझान बॅक्स्टर यांनी चौथीच्या मुलांवर वर्षानुवर्षं केलं तेच. पोरं खाल्लेलं विसरतात, न खाल्लेलं सांगतात. मधे रात्र गेली की घोळ वाढतो. म्हणून मी म्हटलं, त्याच दिवशी दुपारी विचारू या. सर म्हणाले, "मॅडम, गाडी सकाळचीच आहे." घे!

तर एक चौथीतला. दोनदा खिचडी घेतली. पहिली चार घास खाऊन थांबला. दुसरी आली तशी सगळी गुडघ्याआडच्या स्टीलच्या डब्यात. झाकण सैल, वरून रबर लावलं. मी पाहतेय हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मापाच्या वाट्या मांडल्या. पठ्ठ्याने सगळ्यांत मोठी उचलली, काठावर बोट ठेवलं. "दोन वाट्या खाल्ल्या, गच्च." आणखी काही? "अंडं." अंडं त्या दिवशी नव्हतंच गं.

तक्त्यात सरळ दोन चुका. पण तो विसरला नव्हता, सुमे. बोलताना एक हात दप्तरावर होता. कागदावर त्याच्या वाट्याला 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी. त्यातल्या निम्म्या घरी कुणाच्या पोटात जातात, त्याला रकाना नाही.

आणि मला प्रबंधाच्या वेळची ती पुरणपोळी आठवली. साध्या मंगळवारी पुरणपोळी खाल्ली म्हणणारी ती मुलगी. तू म्हणालीस, लिही. मी 'बाई ओरडतील' म्हणून खोडली. दोन दिवस अबोला धरलास, वर माझ्या चकल्याही संपवल्यास. मग तिच्या आईला विचारून आलीस: शेजारी सवाष्ण जेवायला होती, पोरीलाही पान वाढलं होतं. तोवर प्रबंध बांधायला गेला होता. बाईंना अजून सांगितलेलं नाही.

आता शेरा कोरा ठेवलाय. डब्याचं लिहिलं तर फॉर्मची प्रत मुख्याध्यापकांकडे जाते, आणि उद्यापासून त्याचा डबा बंद. नाही लिहिलं तर मी पुन्हा एकदा खोडलंच की. सोमवारी फॉर्म द्यायचेत. त्याआधी फोन कर, पण भाषण नको.

नवीन घर कसंय? पाणी येतं ना? दीपूच्या दहावीचं टेन्शन तू घेऊ नकोस, त्याला घेऊ दे. भाऊजींना नमस्कार.

तुझीच,
मंदा

ता. क. त्या चकल्या तू आजवर पाचच सांगतेस. अकरा होत्या. मी मोजून ठेवल्या होत्या.