नर्सरीवाल्या काकांना, दोन कढीपत्त्यांबद्दल थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फार वाचत नाही हे माहितीये, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितेय, आणि बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतंय.

मागच्या वर्षी मिरगाच्या आधी मी तुमच्याकडे आले तेव्हा हातात लिस्ट होती. पेंटास, झिनिया, एक्झोरा, डबल झेंडू, सगळी फुलंच फुलं. आमच्या चिपळूणच्या घरामागे दहा बाय बाराची जागा आहे, तिथे फुलपाखरं यावीत एवढंच डोक्यात होतं. तुम्ही लिस्ट बघितलीत आणि विचारलंत, "अगं पण ह्यांची पोरं कुठे वाढायची?" मला आधी कळलंच नाही. मग चार गिऱ्हाईकं खोळंबलेली असताना तुम्ही मला आत नेऊन दाखवलंत, की फुलपाखरू फुलावर मध प्यायला येतं आणि निघून जातं, पण अंडी घालायला त्याला ठरलेल्या झाडाचंच पान लागतं, भलत्या झाडावर ठेवली तर अळी उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. लिस्टमधली निम्मी फुलं तुम्ही स्वतःच खोडलीत. डबल झेंडू नको म्हणालात, पाकळ्यांच्या गर्दीत मध सापडत नाही त्यांना, साधा एकेरी घे. पेंटास राहू दिलात. आणि दोन कढीपत्ते, एक लिंबू, हळदीकुंकू (लाल-पिवळ्या फुलांचं झुडूप), पानफुटी, कोरांटी अशी अळ्यांच्या खाण्याची रोपं हातात दिलीत. बिल निम्म्यावर आलं काका, स्वतःचा धंदा सोडून कोण सांगतं असं!

अजून एक गोष्ट कोणीच सांगत नाही ती तुम्ही सांगितलीत. पुढे मांडलेल्या रोपांवर औषध मारलेलं असतं म्हणून मागच्या, न मारलेल्या लॉटमधली रोपं काढून दिलीत. आणि निंबोळी तेलसुद्धा मारायचं नाही, अळीला तेही बाधतं, असं दोनदा बजावलंत. त्याच्या आदल्या वर्षी लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं म्हणून मी फवारा मारला होता. त्या फुलपाखरांच्याच लहान अळ्या होत्या हे मला तुमच्याकडे कळलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत फार वाईट वाटत होतं.

ऑगस्टमध्ये कढीपत्त्यावर पहिली अळी दिसली. आधी तशीच शिटेसारखी, मग कात टाकून हिरवीगार, करंगळीएवढी. लेकीने काडीने जरासं डिवचलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं शिंग बाहेर आलं आणि असा उग्र वास सुटला की ती दोन पावलं मागे! एक कढीपत्ता पार खराटा झाला. सासूबाई म्हणाल्या फोडणीला काय घालायचं आता, पण त्याच रोज सकाळी चष्मा लावून अळ्या मोजायच्या. कोष फुटला तेव्हाही पहिल्यांदा त्यांनीच बघितलं, आम्हाला हाका मारून उठवलं. ओले चुरगळलेले पंख घेऊन ते काडीला लोंबकळत होतं, पंख हळूहळू ताणले गेले, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसायला लागली. तासाभराने उडालं. आम्ही तिघी तिथेच उभ्या, चहा गार झालेला.

हळदीकुंकूवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नको म्हणाला होतात, ते लेकीला पाठ झालंय. पानफुटीच्या जाड पानात तर अळी आतच शिरून गर खाते, वरून नुसतं पान पोकळ दिसतं. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी रोग समजून उपटून टाकली असती. आणि कुंपणाकडची रुई तण म्हणून काढणार होते, तिची पानंही हळदीकुंकूवरच्या त्या पट्ट्यांच्या अळ्या खातात, म्हणून ती तुमच्यामुळे वाचली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी तो मोठा निळा-काळा आला, नीलवंत, 2015 साली आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर झालेला. पेंटासवर पंख फडफडवतच मध प्यायला. नंतर एक मादी लिंबाच्या कोवळ्या पालवीभोवती बराच वेळ घिरट्या घालत होती. अंडं घातलं की नाही दिसलं नाही, पण त्या फांदीला आम्ही कोणी हात लावला नाही.

काका, हे सगळं तुमच्या त्या अर्ध्या तासामुळे झालं. खूप खूप आभार. ईश्वरीचा वेल (त्याची पानंही काही फुलपाखरांच्या अळ्या खातात) आला की माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवा, रविवारी येतेय, सासूबाईंनापण यायचंय तुम्हाला भेटायला.