मिस्त्रीभाऊ, त्या निळ्या फ्यूजसाठी

मिस्त्रीभाऊ, रामराम.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर ज्याची गाडी एकदा लागली, तो ओळखेलच.

आंबिया बहाराची संत्री भरून मी वरूडहून नागपूरच्या कळमना बाजाराला निघालो होतो. डिसेंबरची रात्र, दाट धुकं. काटोलच्या अलीकडे जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि दोन्ही हेडलाइट एकदम गेल्या. शेजारी बायको होती. तिनं मोबाइलचा उजेड खिडकीबाहेर धरला, त्यावर पिकअप कशीबशी कडेला घेतली. मागून ट्रक येत होते. ती दहा मिनिटं आठवली की अजून पोटात गोळा येतो.

धुक्यात दिसावं म्हणूनच तर दिवाळीत फॉग लॅम्प बसवले होते. शहरातलं मोठं दुकान, काचेचं दार, पक्कं बिल. त्यांनी हेडलाइटच्याच वायरीला वायर पिळून वरून टेप मारला होता. स्विचवरचा भार आपल्यावर घेणारा रिले नाही, फ्यूज नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणे, तुमच्या गाडीचीच वायरिंग खराब. गाडी तीन वर्षांची! पैशाचं जाऊ द्या, पण गाडीत कोण होतं, कोणाला लागलं का, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री तुम्ही जेवणावरून उठून मोटारसायकलवर आलात. आधी गाडीच्या मागं जाऊन रस्त्यावर फांद्या टाकल्या, मग बोनेट उघडलं. हेडलाइट चालू करून दिल्या आणि म्हणालात, "आज माल पोचवा. बाकीचं इतवारी पाहू."

रविवारी तुम्ही रिकाम्या कॅरेटवर खडूनं मांडून दाखवलं. ५५ वॅटचे २ दिवे म्हणजे ११० वॅट, त्याला बॅटरीच्या १२ व्होल्टनं भागलं, म्हणजे ९ अँपिअरच्या वर. "हेडलाइटचा भार येगळाच. त्या बारक्या स्विचनं येवढं काऊन सोसावं?" इतकी वर्षं गाडी चालवतो, पण कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. जास्त माल नेता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगचा पाटा वाढवून द्या म्हटलं, तर तुम्ही साफ नाही म्हणालात. "पाटा वाढवला म्हून आरसीवरचं वजन वाढत नाही, भाऊ. ब्रेक तेच हायेत." हातचं काम सोडलंत, पण माझ्या जिवाशी खेळला नाहीत.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. सगळं झालं, मी पैसे दिले, चावी लावली, तेव्हा तुम्ही "थांबा जरा" म्हणून परत बोनेट उघडलंत. डब्यातून १५ अँपिअरचा एक निळा फ्यूज काढला, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळला, ग्रीस लागलेल्या बोटांनी फ्यूजच्या होल्डरशेजारीच टेपनं चिकटवला. "रातच्याला गेला तर कोनाची वाट पाहाची नाही." मग माझ्या बायकोला जवळ बोलावून म्हणालात, "वहिनी, तुमी बी पाहून ठेवा, कुठी हाये थे." त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री ती किती घाबरली होती, हे तुमच्या लक्षात होतं. तुमचं ते लक्षात ठेवणं तिच्या मनात राहिलंय. घरी येताना म्हणाली, माहेरच्या माणसानं केलं असतं तसं केलं.

गिऱ्हाइकाला दिसतं तेवढं चकचकीत करणारे पुष्कळ आहेत. बोनेटखाली, जिथं कोणी वाकूनही पाहत नाही, तिथली वायर रबरातून ओढून, पत्र्याला घासू नये म्हणून वाकून वाकून बांधणारी माणसं आमच्या भागात अजून आहेत. अशा माणसांच्या भरवशावरच आम्ही रात्री माल घेऊन निघतो.

परवा पुन्हा धुकं होतं. दिवे व्यवस्थित लागले. कोंढाळीला चहाला थांबलो तर बायकोनं खाली उतरून बोनेट उघडायला लावलं, टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाली, "हाये, जाग्यावरच हाये."